गोलंदाज बाळू पळवणकर आणि क्लबाचा दरवाजा

आमच्या गावच्या संघाला एक मास्तर शिकवीत असत. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत. तरुणपणी तालुक्याच्या संघातून खेळलेले, म्हणून पोरे त्यांना मास्तर म्हणत. आमचे क्रिकेट टेनिसच्या चेंडूचेच, पण टप्पा कोठे टाकावा, कोणता गडी कोठे उभा करावा, हे त्यांच्याइतके आमच्याकडे कोणालाच कळत नव्हते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ते एका पॅनेलकडून फिरले आणि निवडून आले दुसरे पॅनेल. आमच्याकडे स्पर्धा होतात त्या दिवाळीच्या आधी, म्हणजे माणसे कोयते घेऊन कारखान्यावर जाण्यापूर्वी. त्या वर्षी टी-शर्ट आणि चेंडू निवडून आलेल्या मंडळींनी दिले, आणि संघाच्या बैठकीचा निरोप मास्तरांकडे गेलाच नाही. कोणी त्यांना काढले असे नाही. नुसते बोलावले नाही. आमचा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याचे मला फारसे दुःख नाही. दुःख याचे आहे की त्या बैठकीत मीही होतो. मास्तर ज्या पॅनेलकडून फिरले ते माझ्या घरच्यांच्या विरोधातले होते, आणि मी गप्प बसलो.

हा प्रश्न आमच्या पारावरच निघाला असे नाही. इंग्लंडमधील संडरलंड या फुटबॉल क्लबाने २०१३ साली पाओलो दी कॅनिओ या इटालियन माणसाला व्यवस्थापक नेमले. खेळाडू असताना त्याने प्रेक्षकांसमोर मुसोलिनीच्या पक्षाचा सलाम केला होता आणि स्वतःला फॅसिस्ट म्हणवून घेतले होते. त्याची नेमणूक होताच डेव्हिड मिलिबँड या माजी मंत्र्यांनी क्लबाच्या संचालक मंडळाचा राजीनामा दिला, आणि तेथील खाणकामगारांच्या संघटनेने क्लबाकडे ठेवलेला आपला झेंडा परत मागितला. पुढे सप्टेंबरात क्लबाने त्याला काढले, ते मात्र संघ हरत होता म्हणून. ही हकीकत वाचून मी जास्तच गोंधळलो. फॅसिस्ट माणसाच्या हाती संघ देऊ नये हे मनाला पटत होते, आणि मत वेगळे म्हणून मास्तरांना निरोप न जाणे हे पटत नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात कशा बसवायच्या?

अशा वेळी बाळू पळवणकर या माणसाचे चरित्र हाती लागले. रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या इतिहासावर लिहिलेला ग्रंथ २००२ साली आला आणि त्यानंतर बाळूंचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी येऊ लागले. त्याआधी कित्येक वर्षे ते जवळपास पुसले गेले होते. का पुसले गेले, हेच मला येथे सांगायचे आहे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळ कोकणातले. पळवण गावावरून पळवणकर. जात चांभार. वडिलांच्या लष्करातील नोकरीमुळे कुटुंब पुण्यास आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि चेंडू यांच्यावर बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम यांनी खेळाचे धडे गिरविले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे धाकटे भाऊही त्याच वाटेने आले. एका घरातून चार उत्तम खेळाडू निघाले, आणि त्या घराकडे ना पैसा होता ना प्रतिष्ठा.

शाळा लवकर सुटली. पोटासाठी बाळूंनी पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात नोकरी धरली. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रूळ ओढण्याचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार चार रुपये झाला आणि कामही वाढले. जाळ्या बांधायच्या, रेघा मारायच्या, रूळ ओढायचा, आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकायचे. हे शेवटचे काम त्यांना कोणी शिकविले नव्हते. डाव्या हाताने, संथ गतीने, चेंडूला फिरक देत ते टाकू लागले आणि साहेबांच्या दांड्या उडू लागल्या.

कॅप्टन ग्रेग हा त्या क्लबातला सर्वांत चांगला फलंदाज. तो म्हणे इतरांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूंकडून चेंडू टाकून घेई. बाळूंनी त्याला बाद केले की प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस देई, असेही सांगतात. मी हिशेब केला. साहेब आठ वेळा बाद झाला की महिन्याचा पगार सुटला! मौज अशी की हजारो चेंडू टाकणाऱ्या या माणसाच्या हाती त्या क्लबाने बॅट कधी दिली नाही. गोलंदाजी म्हणजे राबणे, ते नोकराचे काम, फलंदाजी साहेबाची. आमच्याकडे उसाच्या फडात तोडणारा एक आणि मोजणारा दुसरा असतो, तसेच हे.

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाचे गोऱ्यांशी सामने होत. रोज साहेबाच्या दांड्या उडविणारा हा पोरगा आपल्या संघात घ्यावा काय, असा प्रश्न तेथे निघाला. क्लबात तट पडले. तेलुगू सभासद अनुकूल होते, पुणेरी ब्राह्मण सभासदांपैकी अनेकांचा विरोध होता. खुद्द ग्रेगनेच वर्तमानपत्रातून हिंदूंची कानउघाडणी केली, असा उल्लेख आहे. अखेर बाळूंना घेतले, पण अर्धेच. मैदानावर सर्वांनी त्यांच्या हातचा चेंडू झेलायचा, आणि चहाच्या वेळी मात्र सगळे तंबूत बसत असताना बाळूंना बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा. जेवण वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायचे झाले तर अस्पृश्य नोकराने कोपऱ्यात पाणी ओतायचे. क्रिकेटचा चेंडू कातड्याचा असतो, याचा विटाळ त्या मंडळींपैकी कोणाला झाल्याचे मात्र वाचनात आले नाही.

हे मी घरी आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, वाचून दाखविले. त्यांना यात नवल वाटले नाही. त्यांच्या लहानपणी बाजाराच्या गावी हॉटेलाबाहेर कोनाड्यात एक कान तुटलेली कपबशी ठेवलेली असे. चहा प्यायचा, आपणच ती विसळायची आणि परत कोनाड्यात ठेवायची. आबांनी एवढेच विचारले, की हा गडी त्या तंबूबाहेर बसून चहा प्यायचा कसा, उठून का जात नव्हता. मला उत्तर देता आले नाही.

साताऱ्याच्या गोऱ्यांशी सामना झाला. बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याचे हिंदू जिंकले. संघ परतल्यावर सत्कार झाले. न्यायमूर्ती रानडे यांनी बाळूंचा गौरव केला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, असा सवाल टाकला. लोकमान्य टिळकांनीही त्यांची वाखाणणी केली. जिंकून आल्यावर सवाल टाकणे सोपे जाते, असे मला वाटते. तरीपण त्या काळात तेवढेही थोडे नव्हते.

पुढे पुण्यात प्लेग आला आणि पळवणकर मुंबईस गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही प्रथम कुरकुर झाली, पण कर्णधार कीर्तिकर यांनी ती मोडून काढली. बी. बी. सी. आय. रेल्वेत बाळूंना नोकरी मिळाली. शिवरामही संघात आले. मुंबईत वागणूक पुण्यापेक्षा बरी मिळाली.

फेब्रुवारी १९०६ चा सामना हा बाळूंच्या आयुष्यातला मोठा दिवस. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. गोऱ्यांनी पहिल्या डावात १९१ केल्या आणि दुसऱ्या डावात ते १०२ धावांत कोसळले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. वंगभंगाची चळवळ भरात होती. गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरविले याचा आनंद देशभर झाला. मुंबईतील समाजसुधारकांच्या एका पत्राने दुसरीच गोष्ट हेरली. हा विजय चांभार बंधूंना संघात घेतल्याचे फळ आहे, असे त्याने हिंदू समाजाला सांगितले. १९०७ पासून तिरंगी आणि १९१२ पासून चौरंगी सामने सुरू झाले, आणि हिंदूंच्या गोलंदाजीचा भार वर्षानुवर्षे बाळूंच्या डाव्या हातावर राहिला.

१९११ साली हिंदू, पारशी आणि मुसलमान खेळाडूंचा एकत्र संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. ते मैदानापेक्षा मेजवान्यांत अधिक रमले. संघ बहुतेक सामने हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. खांदा दुखत होता, पाठीराखे क्षेत्ररक्षण नव्हते, तरी ११४. लीस्टरशायरला हरविले त्या सामन्यात अकरा बळी त्यांचे होते. रूळ ओढणाऱ्या पोराचे नाव इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत छापून आले.

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र एका विशीतल्या महाविद्यालयीन तरुणाने लिहिले होते, असे सांगतात. एल्फिन्स्टन महाविद्यालयात बी. ए. ला शिकणाऱ्या त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. आमच्या घरात भिंतीवर ज्यांचा फोटो आहे ते एके काळी माझ्याच वयाचे होते आणि एका गोलंदाजावर लिहीत होते.

आता कर्णधारपदाची गोष्ट. बाळू संघातले सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू. कर्णधार मात्र त्यांना कधी केले नाही. मु. दा. पै हे कर्णधार झाले तेव्हा, १९१३ साली, त्यांनी आपल्याच सत्कारात हा मान खरा बाळूंचा असल्याचे सांगितले. तरी निवड समिती बधली नाही. १९२० साली पै आजारी पडले. कर्णधारपद विठ्ठल पळवणकरांकडे येईल अशी अपेक्षा असता ते दि. ब. देवधरांना दिले गेले, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंना तर संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला आणि जाहीर पत्रक काढले. आबांच्या प्रश्नाचे उत्तर हे. पंचवीस वर्षांपूर्वी मोठा भाऊ तंबूबाहेर बसून राहिला, म्हणून आता धाकट्यांना उठून जाता आले. पत्रकाने गाजावाजा झाला. अंतिम सामन्यास पै परत आले, पळवणकर बंधू परत आले, आणि बाळूंना उपकर्णधार केले गेले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंनी चालविला. एवढेच त्यांचे कर्णधारपद. १९२३ साली मात्र विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी १९४८ साली माझे क्रीडाजीवन हे आत्मचरित्र लिहिले. बाळूंनी स्वतः काही लिहून ठेवल्याचे दिसत नाही.

एवढ्या वर्षांत क्लबाने बाळूंना त्यांचे राजकीय मत एकदाही विचारले नाही. जात विचारली, आणि तीवरून चहाचे भांडे, टेबल आणि कर्णधारपद ठरविले. याला कोणी राजकारण म्हणत नसे. याला रीत म्हणत. हिंदूंचा जिमखाना, पारशांचा जिमखाना, मुसलमानांचा जिमखाना, गोऱ्यांचा जिमखाना, ही सारी मांडणीच राजकीय होती, पण खेळात राजकारण नको असे म्हणणारे त्याच जिमखान्यांच्या व्हरांड्यात बसून ते म्हणत असणार. १९४० साली गांधीजींनी या जातवार सामन्यांना उघड विरोध केला, आणि १९४६ मध्ये ते बंद पडले.

निवृत्तीनंतर बाळूंनी स्वतःचे मत उघड केले आणि येथून त्यांची कथा अवघड होते. ते गांधीजींच्या बाजूस गेले. १९३२ साली जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. बाळूंचा त्याला विरोध होता. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण मांडले, २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला, आणि प्रांतिक कायदेमंडळांतील ७१ जागांऐवजी १४८ राखीव जागा संयुक्त मतदारसंघात मिळाल्या. त्या करारावर सही करणाऱ्यांत पी. बाळू हेही नाव आहे. १९३३ साली ते हिंदुमहासभेतर्फे मुंबई महापालिकेस उभे राहून हरले. १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली, तीही बाळूंना आत्मघातकी वाटली. आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध जो उमेदवार दिला तो बाळू पळवणकर. ते फारसे राजी नव्हते असे म्हणतात, पण उभे राहिले. स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

ज्याने मानपत्र लिहिले आणि ज्याला ते दिले, ते दोघे सव्वीस वर्षांनी समोरासमोर. दोघांनी एकाच भांड्यातले कडू पाणी प्यायले असून मते अशी उलट का झाली, यावर मी बराच विचार केला. बाळूंनी आयुष्यात एक दरवाजा हळूहळू उघडताना पाहिला होता. बाहेरचे मातीचे भांडे, मग आतला चहा, मग उपकर्णधारपद, मग भावाच्या हाती संघ. असेच बाकीचे दरवाजेही आतून उघडतील, असे त्यांना वाटले असावे. बाबासाहेबांनी पाहिले ते हे, की दरवाजा शंभर बळी घेणाऱ्याला उघडतो. ज्याच्या हातात फिरक नाही अशा लाखोंनी काय करावे? माझ्यापुरते सांगायचे तर बाबासाहेबांचेच खरे आहे. मला फिरक जमत नाही आणि मी कॉलेजात आहे, तो कोणी मेहरबानी केली म्हणून नव्हे.

पण त्या ११,२२५ मतांची किंमत बाळूंना फार पडली. सवर्णांच्या क्रिकेट-इतिहासाने त्यांना जातीमुळे मागे ठेवले, आणि आपल्या लोकांनी, मी आपल्याच म्हणतो, त्यांना मतामुळे. त्यांच्याविषयी घरी बोललो तेव्हा आबांचा पुढचा प्रश्न तोच होता, बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला तोच ना. मी हो म्हणालो. मग आबा बाहेर जाऊन बसले. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने घेतलेले १७९ बळी त्यांना सांगायचे राहून गेले.

दी कॅनिओ आणि बाळू यांना मी आता एका तागडीत घालीत नाही. काही माणसांना माणूस न मानणे हे ज्याचे मत आहे, त्याच्या हाती संघ गेला तर ते मत संघनिवडीत, पंगतीत, चहाच्या भांड्यात उतरणारच. असले मत क्लबाने विचारलेच पाहिजे. खरे तर पुण्याच्या क्लबाने ते आधी स्वतःलाच विचारायला हवे होते. बाळूंच्या मताने कोणाचे भांडे वेगळे झाले नाही. ते चुकले असतील, मला ते चुकलेच वाटतात. पण आपल्या माणसांनी विहिरीवर, देवळात, मैदानात उजळ माथ्याने जावे, एवढ्यापुरते दोघांचे हवे ते एकच होते, आणि वाद वाटेचा होता. याच्या पलीकडे मला नीट मांडता येत नाही. आमच्या प्राध्यापकांपैकी कोणास हे अपुरे वाटले तर त्यांनी सांगावे.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू वारले. वय एकोणऐंशी. भारताने पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ साली. तोवर त्यांचे खेळण्याचे दिवस सरले होते. पुढच्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धर्मांतर झाले. बाळू असते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

यंदाही दिवाळीच्या आधी गावात बैठक आहे. टी-शर्ट कोण देणार ते अजून ठरले नाही. निरोप सांगत फिरण्याचे काम मी मागून घेतले आहे, आणि मास्तरांचे घर वेशीजवळ असल्याने पहिले तेच लागते.